माडावरची पांढरी माशी: आधी झावळी उलटून बघा, मग पंपाला हात लावा

माडाखाली लावलेली गाडी सकाळी हाताला चिकट लागते, खालच्या केळीची पानं आधी तेल लावल्यासारखी चमकतात आणि मग काही दिवसांत काजळी फासल्यासारखी काळी पडतात, अंगणातल्या लादीवर चपला चिकटतात. हे तुमच्याकडे सुरू झालं असेल तर मान वर करून खालच्या झावळ्यांच्या मागच्या बाजूला बघा, पांढरी पिठी दिसेल. पुष्कळ लोक काळं पान बघून बुरशीचं औषध आणायला धावतात, पण काळं दिसतंय ते नंतरचं, खरं दुखणं त्या पांढऱ्यात आहे.

ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. शास्त्रीय नाव अल्युरोडिकस रुजिओपरक्युलेटस, ते लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण कृषी केंद्रात किंवा विद्यापीठात विचारायला जाल तेव्हा 'रुगोज' एवढा शब्द सांगा म्हणजे समोरच्याला लगेच कळतं. मूळची मध्य अमेरिकेकडची, २००४ मध्ये बेलीझमधल्या नमुन्यांवरून तिला नाव मिळालं, २००९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात सापडली आणि भारतात २०१६ मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीच्या माडांवर पहिल्यांदा दिसली. तिथून केरळ, कर्नाटक, आंध्र, गोवा आणि आपलं कोकण. उडत उडत एवढी लांब ती आलेली नाही हो, ही माशी तशी आळशी आहे, ती आली रोपांबरोबर, शोभेच्या झाडांबरोबर, गाड्यांवर टाकलेल्या झावळ्यांबरोबर. हे लक्षात ठेवा, पुढे रोपांच्या विषयात परत येणार आहे.

आता ओळख कशी पटवायची. पाडेली नारळ पाडायला येईल तेव्हा त्याला सांगायचं की खालच्या फेरातली एक हिरवी झावळी उतरव, वाळलेली नको. (आखूड जातीचा माड असेल तर शिडी लावून तुम्हालाच दिसेल, आणि ऑरेंज ड्वार्फसारख्या ठेंगण्या माडांवर ही कीड जरा जास्तच बसते.) पाती उलटी करा. पांढऱ्या मेणाच्या भुकटीने गोल गोल वळणं काढलेली दिसतील, लहान मुलाने बोटाने रांगोळीची भिंगरी काढावी तशी. त्या वळणांमध्ये बारीक पिवळसर अंडी असतात. बाजूला चपटी, पातीला चिकटून बसलेली पिल्लं, त्यांच्या अंगावर कापसासारखं मेण. आणि मोठी माशी साधारण अडीच मिलिमीटरची, म्हणजे मिरची-वांग्यावरच्या पांढऱ्या माशीच्या जवळपास तिप्पट, पंखांवर फिकट तपकिरी अस्पष्ट पट्टे. झावळी हलवली तरी चटकन उडत नाही, उडाली तरी लगेच परत बसते.

आता याच माडांवर दुसऱ्या एक-दोन परदेशी पांढऱ्या माश्याही सापडतात. त्यातली घरटं करणारी पांढरी माशी अगदी लहान असते, मेणाच्या धाग्यांचं गोल घरटं करून त्यात बसते आणि तिच्या पंखांवर करडी फुलीसारखी खूण असते. त्या सापडल्या तरी धुणं आणि निंबोळी हेच करायचं आहे, पण खाली ज्या माशीखाऊ गांधीलमाशीबद्दल सांगणार आहे ती रुगोजवर काम करते, म्हणून कोणती माशी आहे ते बघून ठेवलेलं बरं. आणि नारळांवर तपकिरी खरबरीत डाग, फळं वेडीवाकडी, असं असेल तर तो नारळावरचा कोळी (माइट), त्याचा विषय वेगळा. झावळीला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले तर गेंड्या भुंगा. तिथे हा लेख उपयोगाचा नाही.

पांढरी माशी करते काय, तर पातीच्या मागून रस शोषते आणि जास्तीचा गोड चिकट द्रव खाली टाकते. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती बुरशी पानाच्या आत शिरत नाही, वरच पसरते, पण पानावर काळा पडदा आला की ऊन पोचत नाही आणि पान अन्न कमी तयार करतं. माडाखाली जायफळ, मिरी, केळी, दालचिनी असं लावलेलं असेल (कोकणातल्या लाखीबागेत असतंच) तर खालच्या पिकाचं दिसायला जास्त नुकसान होतं, कारण सगळा चिकटा त्यांच्याच डोक्यावर पडतो. पण एक गोष्ट नीट ऐकून घ्या आणि रात्री शांत झोपा: या माशीने माड मरत नाही. ती शेंड्यातल्या कोवळ्या सुईला (न उमललेल्या झावळीला) सहसा हात लावत नाही, जुन्या खालच्या झावळ्यांवर बसते. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. घाबरून काही करायची गरज नाही, आणि मी हे जीव तोडून सांगतेय कारण घाबरून केलेल्यानेच आमच्या वाडीचं जास्त नुकसान झालं.

झालं असं की पहिल्या वर्षी अंगणातले बारा माड असे पांढरे-काळे झाले की बघवेना. एका दुकानातून दोन औषधं एकत्र करून दिली, आंब्यावर मारायचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप होताच, तो लावून बाराच्या बारा माडांवर फवारलं. आठवडाभर माशी दिसली नाही, आम्ही खूश. विहिरीमागचे चार माड राहून गेले कारण तिथपर्यंत नळी पोचली नाही. दीड महिन्याने बघते तर फवारलेले बारा परत पांढरेफटक, पहिल्यापेक्षा जास्त, आणि विहिरीमागचे चार मात्र बरे दिसायला लागलेले. मी दोन्हीकडच्या पाती आणून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि शिवणकामाच्या भिंगातून बघितलं. अंगणातल्या पातीवरची पिल्लं सगळी पांढरट-पिवळसर, जिवंत. विहिरीमागच्या पातीवर मात्र अर्ध्याहून जास्त काळीकुट्ट, खसखशीच्या दाण्यासारखी, आणि पुष्कळांच्या पाठीला सुईने टोचल्यासारखं गोल भोक.

ते गोल भोक म्हणजेच या सगळ्या विषयाची किल्ली आहे. एन्कार्शिया ग्वाडेलुपी नावाची एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी आहे, एक मिलिमीटरहूनही लहान, माणसाला चावत-डसत नाही, नुसत्या डोळ्यांनी ती उडताना दिसणारही नाही. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते, तिची अळी पिल्लाला आतून खाते, पिल्लू काळं पडतं, आणि मग नवी माशी पाठीला गोल भोक पाडून बाहेर येते. पांढरी माशी स्वतः बाहेर येते तेव्हा कवचाला उलट्या टी अक्षरासारखी चीर पडते. एवढा एक फरक शिकलात की अर्धं काम झालं: काळं आणि गोल भोक म्हणजे आपला माणूस, पांढरट आणि चीर म्हणजे शत्रू. आणि खास गोष्ट म्हणजे ही मित्रमाशी कोणी मुद्दाम आणली नाही, पांढऱ्या माशीच्या पाठोपाठ ती आपोआप आपल्याकडे आली आणि दक्षिणेत जिथे जिथे विषारी फवारणी थांबली तिथे तिने काम करून दाखवलं.

मग पंप उचलण्याआधी मोजणी करायची, तासाभराचं काम आहे. वाडीतले चार-पाच माड निवडा, सगळे एकाच कोपऱ्यातले नकोत. प्रत्येकाच्या खालच्या फेरातल्या हिरव्या झावळीच्या दोन-तीन पाती काढा. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा, छान दिसतं. पातीवर वीतभर जागेत मोठी पिल्लं किती आणि त्यातली काळी किती ते मोजा. माझा हिशोब असा की निम्मी किंवा जास्त काळी असतील तर काहीही फवारू नका, निंबोळीसुद्धा नको, फक्त माडाला पाणी घालण्याकडे लक्ष द्या आणि महिन्याने परत मोजा. पावभर काळी असतील तर पाण्याने धुवा आणि वाट बघा. काळी अजिबात नसतील आणि पांढरी पिठी झावळीभर असेल तरच पुढचे उपाय.

पहिला उपाय पाणी. हसू नका, खरंच पाणी. मोटरीला नळी लावून जोराचा फवारा पातींच्या मागच्या बाजूने मारायचा, वरून नाही, खालून वर. मोठ्या माश्या पडतात, मेण निघतं, अंडी आणि बारीक पिल्लं बरीच धुतली जातात, चिकटाही जातो. पावसाळ्यात ही माशी कमी होते त्यामागेही हेच आहे, जोराचा पाऊस तिला झोडपतो. पाऊस संपला की ऑक्टोबरपासून ती वाढायला लागते आणि कोरड्या दिवसांत, थेट मेपर्यंत, डोकं वर काढते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिठीचे पहिले ठिपके दिसतानाच ठेंगणे आणि तरुण माड दर आठ-दहा दिवसांनी धुतलेत तर फेब्रुवारीत रडायची वेळ येत नाही. चाळीस-पन्नास फुटी बाणवली (उंच जातीच्या) माडांवर हे जमणार नाही, तिथे जबरदस्ती करू नका, तिथे मित्रमाशीवरच भिस्त.

दुसरा, निंबोळी तेल. लिटरला ५ मिली, म्हणजे अर्धा टक्का. तेल पाण्यात मिसळत नाही आणि इथेच लोक चुकतात, डब्यात पाणी भरून वरून तेल ओततात, ते तरंगतं, पहिल्या माडाला नुसतं पाणी आणि शेवटच्याला नुसतं तेल आणि मग त्याच्या पाती करपतात. आधी थोड्या कोमट पाण्यात साबण विरघळवा, त्यात निंबोळी तेल घालून बाटलीत जोरात हलवा, ताकासारखं पांढरं झालं पाहिजे, तेलाचे डोळे वर दिसता कामा नयेत, मगच टाकीत ओता आणि फवारताना मधूनमधून ढवळत राहा. मारायचं पातीच्या मागे, ऊन उतरल्यावर संध्याकाळी. एका माडाला मारून दोन-तीन दिवस बघा, पाती करपत नसतील तर बाकीच्यांना. आणि पंप आंब्याचा असेल तर आधी टाकी आणि नळी साबणाच्या पाण्याने दोनदा धुवून घ्या, तळाला राहिलेल्या कीटकनाशकाने तुमची मित्रमाशी मरेल आणि तुम्ही म्हणाल निंबोळीने काही होत नाही.

तिसरा उपाय म्हणजे बुरशी, चांगली बुरशी. आयसेरिया फ्युमोसोरोसिया नावाची मित्रबुरशी आहे, बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने, म्हणजे एनबीएआयआरने, तिचा या माशीवर चालणारा वाण वेगळा काढलाय. लिटरला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांनी परत एकदा. हिला ओलावा लागतो, त्यामुळे कडक उन्हात, कोरड्या वाऱ्यात मारलीत तर पैसे पाण्यात. संध्याकाळी, हवेत दमटपणा असताना मारा, त्याआधी-नंतर बुरशीनाशक मारू नका, आणि पाकिटावरची तारीख बघून घ्या कारण ती जिवंत वस्तू आहे, दुकानात पत्र्याखाली सहा महिने तापलेली असेल तर त्यात काही उरलेलं नसतं. ती मिळाली नाही म्हणून अडत नाही.

पिवळे चिकट सापळे लावायचे तर मोठे लावा, साधारण पाच फूट बाय दीड फूट पिवळं प्लास्टिक किंवा पत्रा, त्यावर एरंडेल तेल, जमिनीपासून सहा फुटांवर, एकरी आठ. दोन-चार दिवसांनी पुसून परत तेल लावावं लागतं नाहीतर त्यावर नुसती धूळ बसते. मला विचाराल तर सापळा हा वाडीत माशी वाढतेय का ते कळायला चांगला, त्याने माशी संपत नाही, आणि मित्रमाश्या वाढायला लागल्या की सापळे काढून ठेवा.

आता मित्रमाशी नसेल तर आणायची कशी. हे मला सगळ्यात आवडतं काम. ज्या वाडीत काळी पिल्लं भरपूर आहेत तिथून पाती आणायच्या, त्यांचे वीतभर तुकडे करायचे, काळी पण अजून भोक न पडलेली पिल्लं ज्यावर जास्त आहेत तेवढेच तुकडे ठेवायचे (भोक पडलेल्यातून माशी कधीच उडून गेलेली असते, ते तुकडे नेऊन फायदा नाही). त्यावर जिवंत पांढऱ्या माश्या असतील त्या मऊ ब्रशने झाडून टाकायच्या. मग हिराच्या काडीने ते तुकडे आपल्या माडाच्या झावळीच्या मागच्या बाजूला टोचून ठेवायचे, पिठीच्या अगदी शेजारी, सावलीत, संध्याकाळच्या वेळेला. मी कागदी पिशवीतून आणले होते, प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि सगळं कुजतं. अंगणातल्या माडांवर अशा साठ-सत्तर पाती टोचल्या, आणि मग काहीच दिसेना, घरातले विचारायला लागले की हे काय चाललंय. साधारण पाच आठवड्यांनी एका पातीवर सात-आठ काळे दाणे दिसले. पुढच्या पावसाळ्याआधी निम्मे.

तिला राहायला जागाही द्या. वाडीत केळी आणि कर्दळ ठेवा, कडेने लावा, कारण यांच्यावरही थोडी पांढरी माशी बसते आणि त्यावर मित्रमाशी तग धरते, माडावर कमी झाली तरी तिची वंशावळ चालू राहते. कर्दळीच्या पानामागे पिठी दिसली म्हणून कर्दळ उपटू नका. जाळं विणणारे कोळी, ढालकिडे, हिरव्या जाळीदार पंखांचे क्रायसोपा यांनाही हात लावू नका, हे सगळे आपल्याच बाजूचे.

आणि झावळ्या छाटून जाळायचं ते बंद करा. हिरवी झावळी तोडली तर माडाचं अन्न गेलं, वर त्यातली काळी पिल्लं म्हणजे उद्याच्या मित्रमाश्या जळून गेल्या. उतरवलेल्या झावळ्या माडाखाली सावलीत आठ-दहा दिवस तशाच पडू द्या. पाती सुकली की पांढऱ्या माशीची बारीक पिल्लं रस न मिळाल्याने मरतात, काळ्यातल्या मित्रमाशीचं मात्र आतच पोट भरलेलं असतं, ती वेळ झाली की बाहेर पडते. त्यानंतर हवं तर विणा, हवं तर आळ्यात आच्छादन करा.

रासायनिक कीटकनाशक नको हे वरच्या गोष्टीवरून कळलंच असेल, पण अजून कारणं आहेत. पिल्लांच्या अंगावर मेण असतं, औषध पोचत नाही. पोयीवर, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावर, मधमाश्या येतात, त्या गेल्या की फळधारणेचं काय? आणि महिन्याभरात त्याच माडाचं शहाळं आपण लहान पोरांना देतो. मुळातून औषध पाजायचा सल्ला कोणी देईल, तोही या माशीसाठी ऐकू नका. कासरगोडच्या केंद्रीय बागायती पीक संशोधन संस्थेचा, म्हणजे सीपीसीआरआयचा, भरही मित्रमाशी जपण्यावर आणि रसायन टाळण्यावरच आहे. कोकणात अजून एक अडचण आहे जी बाहेरच्यांना लक्षात येत नाही: आपल्याकडे माडाला लागून हापूस असतो आणि डिसेंबर-फेब्रुवारीत मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी फवारणी चालू असते, नेमकी पांढरी माशी वाढायच्या दिवसांत. तो फवारा वाऱ्याने माडांवर जातो आणि मित्रमाशी मरते. आंब्याची फवारणी बंद करा असं मी कुठल्या तोंडाने सांगू, आमचंही त्यावर चालतं, पण वारा पडलेला असताना सकाळी लवकर मारा, माडाच्या रांगेकडे तोंड करून गन धरू नका, आणि शेजाऱ्याशी बोला, त्याचा वारा तुमच्याकडे येतो आणि तुमचा त्याच्याकडे.

काळ्या झालेल्या पानांचं काय, तर माशी कमी झाल्यावर मैद्याची किंवा तांदळाच्या पिठाची खळ फवारा, लिटरला १० ग्रॅम. पीठ थोड्या गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओतून शिजवायचं, गुठळी राहिली तर नोझल तुंबतो, फडक्यातून गाळून घ्या. पानावर ती खळ वाळली की पापड सुटावा तशी काळी पापुद्री सुटते आणि खाली पडते, जायफळीच्या पानावर बघा, नखाने उचलली तरी निघते, खाली हिरवंगार पान. ही खळ सकाळी उन्हात मारायची म्हणजे पटकन वाळते. माशी असताना मारून उपयोग नाही, आठवड्यात परत काळं होणार.

माडाला खायला-प्यायला द्या. उन्हाळ्यात ठिबक असेल तर दिवसाला साधारण ३० ते ४० लिटर, आळ्यात सोडणाचं (नारळाच्या सालीचं) आच्छादन, शेणखत, पालाशही द्या, नुसता युरिया ओतू नका. तहानलेल्या माडावर नुकसान लवकर दिसतं.

राहिली रोपं. नर्सरीतून माड, केळी, कर्दळ, शोभेचे पाम काहीही आणाल तर गाडीत चढवायच्या आधी प्रत्येक पान उलटून बघा. पिठीचा एक गोल दिसला तरी ते रोप घेऊ नका, बाकीची आणून पंधरा-वीस दिवस माडांपासून लांब ठेवा. आमच्याकडे पेरू आणि चिकूच्या कलमांवरही ही सापडलेली आहे, त्यामुळे माडाचं रोप नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

पुष्कळ जण विचारतात की अशा माडाचं शहाळं, नारळ खायचा का. खायचा. काळं ते फक्त वरच्या सालीवर असतं, पाण्यात आणि खोबऱ्यात काही उतरत नाही, फडक्याने पुसा आणि सोला. फक्त त्या माडावर कोणी काही फवारलंय का एवढं आधी विचारून घ्या.